पाहुणीच्या अर्जातला सहावा रकाना

सोफेवाल्याच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं आणि त्याने "मालक आहेत का?" असं विचारलं, की सोफेवाला हातोडीने खिडकीकडे खूण करायचा. खिडकीजवळ हिरव्या मखमलीच्या खुर्चीत एक तपकिरी कुत्रा पोट वर करून झोपलेला असायचा. गिऱ्हाईक हसायचं. सोफेवाला हसायचा नाही. एक तर त्याच्या तोंडात खिळे असायचे, आणि दुसरं म्हणजे त्याच्या मते यात हसण्यासारखं काही नव्हतंच. कुत्र्याचं नाव मालक होतं, खुर्ची मालकाची होती आणि तो जागेवर होता. ती खुर्ची तेरा वर्षांपूर्वी एक बाई दुरुस्तीला टाकून गेली, ती परत फिरकलीच नाही. त्याच आठवड्यात हे वीतभर पिल्लू दुकानाच्या पायरीवर येऊन बसलं. दोन्ही बेवारस. सोफेवाल्याने एकाला उचलून दुसऱ्यात ठेवलं, आणि तेव्हापासून त्या खुर्चीला माणूस म्हणून कुणी टेकलेलं नाही.

आता खिळ्यांचं सांगितलंच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळे झाला. सोफ्याचं काम करणाऱ्या सगळ्यांकडे आता पिना मारायची बंदूक आली. हा गडी जुन्या वळणाचा. बारीक काळे खिळे मूठभर तोंडात टाकायचा, जिभेने एकेक वळवून ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाला चिकटवायचा, की ठक्. चाळीस वर्षांत एकही खिळा गिळला नाही, असं तो छाती काढून सांगतो. बायको म्हणते, "दोन."

तोंडात खिळे असलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्याला फक्त "हं" म्हणता येतं. बायको त्याच दुकानात पलीकडे शिलाई मशीनवर सोफ्याच्या खोळी शिवते, आणि तिने हे मर्म लग्नाच्या पहिल्याच वर्षी हेरलं. घराला रंग कोणता द्यायचा, लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, धाकटी बहीण सुट्टीभर राहायला येतेय ती आली तर चालेल ना, असे सगळे प्रश्न ती मूठभर खिळे आत गेल्यावरच काढायची. "हं" म्हणजे हो. त्याने कधी मान जोरजोरात हलवून "हं हं हं" केलं, तर ती म्हणायची, "एवढा आनंद झाला? मग ठरलं तर." खिळे थुंकून भांडायला जावं, तर ते जमिनीवर सांडतात आणि बायकोच्या पायात रुततात. मग भांडण भलतीकडेच जातं. तेव्हा तो गप्प बसायचा आणि मनात म्हणायचा, जाऊ दे, काय बिघडतंय.

पाहुणी याच वाटेने घरात आली.

तो तीन आसनी सोफ्याच्या हाताला चुण्या घालत होता. कामातली सर्वात अवघड घडी. बायकोने मशीन थांबवलं. "अहो, लेकीच्या ओळखीचं ते शेल्टर आहे ना, तिथे एक कुत्री आहे. जागा नाही त्यांच्याकडे. पंधरा दिवस ठेवून घेऊ का?"

"हं."

"मलाही तेच वाटलं," बायको म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. काळी, हडकुळी, एका कानाचा तुकडा कुणीतरी कधीतरी घेऊन गेलेला. हातोडीचा पहिला ठोका पडला मात्र, ती मशीनखाली शिरली आणि बायकोच्या चपलेत नाक खुपसून बसली. नाव विचारलं तर बायको म्हणाली, पंधरा दिवसांच्या पाहुणीला कशाला हवंय नाव? म्हणून ती पाहुणी. शेजारच्या गाळ्यातला चावीवाला येऊन बघून गेला. याला किल्ल्यांपेक्षा लोकांच्या घरातल्या गोष्टी जास्त ठाऊक. म्हणाला, "उस्ताद, पाहुणी तोंडावरून तरी मुक्कामी दिसतेय."

सोफेवाल्याची भिस्त मालकावर होती. आणि मालकाने पहिले चार दिवस अपेक्षेप्रमाणे चोख कामगिरी बजावली. पाहुणी खुर्चीच्या तीन फुटांवर आली की तो डोळे न उघडताच घशातून असा आवाज काढायचा, जणू कुणी जड कपाट सरकवतंय. सोफेवाला खूश. घरी जेवताना तो बायकोला ऐकवायचा, "त्याला नाही आवडलेली. मला काही नाही हो, पण त्याला विचारायला हवं होतं."

पाचव्या दिवशी बँकेतून परत आला तर खुर्चीत दोघं. मालक एका कडेला अंग चोरून, आणि पाहुणी त्याच्या पाठीला पाठ लावून घोरतेय. तेरा वर्षांत सोफेवाल्याला स्वतःला त्या खुर्चीत बूड टेकायची परवानगी मिळाली नव्हती! तो बराच वेळ मालकाकडे बघत उभा राहिला. मालकाने एक डोळा उघडला, शेपूट एकदा आपटली आणि पुन्हा मिटला.

"फितूर," सोफेवाला म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच तोंडात एकही खिळा नसताना त्याला दुसरा शब्द सुचला नाही.

पंधराचे तीस दिवस झाले, तिसाचे चाळीस. तो विचारायचा, "कधी न्यायला येताहेत हिला?" बायको म्हणायची, "येतील हो. तुमच्या ताटातलं खातेय का ती?" खरं तर त्याच्याच ताटातलं खायची, पण ते बायकोला ठाऊक नव्हतं.

या सगळ्याच्या आधीपासून एक वेगळंच प्रकरण चालू होतं. मालक खोकत होता. कोरडा, घशात काही अडकल्यासारखा खोकला. चार महिन्यांपूर्वी बायको त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "फोमचा भुगा जातोय म्हणे छातीत. वय झालंय ना. दुकानात फोम कापू नका, आणि ही सांध्यांची गोळी रोज सकाळी द्यायची."

सोफेवाल्याने त्याच संध्याकाळी फोम कापायचं फळकूट बाहेर फुटपाथवर मांडलं. तेव्हापासून तो उन्हात बसून फोम कापत होता. वाऱ्याने तुकडे उडायचे, ते रस्ताभर गोळा करत फिरायचा. डोक्यावर कुणा गिऱ्हाइकाची राहून गेलेली बायकी छत्री, फुलाफुलांची. चावीवाला रोज तोच विनोद करायचा, "काय उस्ताद, वहिनींनी बाहेर काढलं वाटतं?" तोही रोज तेच उत्तर द्यायचा, "माझ्यामुळे खोकतोय तो. तेरा वर्षं भुगा खाऊ घातला मी त्याला." आणि हे म्हणताना तो कात्रीकडे असा बघायचा, जणू तिनेच गुन्हा केलाय. गोळी मात्र स्वतःच्या हाताने द्यायचा, ब्रेडच्या तुकड्यात दाबून, रोज सकाळी दुकान उघडायच्या आत. चावीवाला हे सगळं बघायचा, विनोद करायचा आणि पटकन आपल्या गाळ्यात शिरायचा. एरवी हा माणूस अर्धा तास हलत नाही. सोफेवाल्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

एका सोमवारी बायको एका बंगल्यात पडद्यांची मापं घ्यायला गेली होती. दुकानात सोफेवाला, खुर्चीत दोघं. दारात एक निळी गाडी थांबली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, हातात फाईल घेतलेली एक बाई उतरली.

आता ही बाई खरं तर दुकानात यायचीच नव्हती. शेल्टरचा नियम असा, की कुत्रं दिल्यावर सहा आठवड्यांनी घरी जाऊन बघायचं, आणि सगळं ठीक असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या घ्यायच्या. बायकोने ती भेट शनिवारी, घरी, आपण असताना ठरवली होती. पण त्यांचं घर दोन गल्ल्यांच्या सांध्यात, एका पिठाच्या गिरणीच्या मागे. तिथवर कुठलंही टपाल पोचत नाही. म्हणून वीस वर्षं बायको जगातल्या प्रत्येक कागदावर दुकानाचा पत्ता लिहिते. हात आपोआप तोच लिहितो. या अर्जावरही तोच लिहिला. शेल्टरवाली बाई या बाजूला दुसऱ्या कामाला आली होती, पत्ता वाटेतच दिसला, म्हणाली आजच उरकून टाकू.

सोफेवाल्याच्या तोंडात त्या क्षणी पन्नासेक खिळे होते.

"नमस्कार. मॅडम नाहीत का? असू दे, तुम्ही आहात ना. दोन मिनिटांचं काम आहे," बाई म्हणाली. एका स्टुलावर बसली, खुर्चीतल्या दोघांकडे बघून तिचा चेहरा खुलला. "अरे वा! एकत्र झोपतात? हे तर छानच. जेवते व्यवस्थित?"

"हं."

"आवाजाला घाबरायची. आता घाबरत नाही?"

"हंऽहं."

"छान. मी फक्त अर्ज एकदा वाचते आणि तुम्ही बरोबर आहे म्हणा. पद्धत आहे आमची." तिने फाईल उघडली. नाव, पत्ता, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात लहान मुलं आहेत का. प्रत्येकाला सोफेवाला मान हलवत होता आणि मनात म्हणत होता, पंधरा दिवसांसाठी केवढा हा थाट! "आणि सहावा रकाना, कुत्री कायमची दत्तक घेण्याचं कारण. मॅडमनी फार मनापासून लिहिलंय हं, आम्ही सगळ्यांनी वाचलं. 'आमच्या मोठ्या कुत्र्याचं हृदय मोठं झालं आहे. डॉक्टरांनी सहा महिने, फार तर वर्ष सांगितलं आहे. माझे पती त्याच्याशिवाय राहू शकणार नाहीत. तो असतानाच दुसऱ्याची सवय व्हावी, अशी इच्छा आहे.' बरोबर?"

सोफेवाल्याने हातोडी खाली ठेवली.

"कठीण असतं हो," बाई हळू आवाजात म्हणाली. "पण तुम्ही दोघांनी मिळून हा निर्णय घेतलात, ते फार मोठं आहे. बरोबर ना?"

"हं," सोफेवाला म्हणाला. सवयीने. आणि मग त्याने हात ओठांखाली धरला आणि एकेक करून सगळे खिळे हातात काढले. घाई केली नाही. शेवटचा खिळा जिभेखाली राहिला होता, तोही शोधून काढला.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.

बाईने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिने पुन्हा वाचलं नाही, फाईलच त्याच्या हातात दिली. अक्षर बायकोचंच होतं. खोळींच्या मापांच्या चिठ्ठ्यांवर असतं तेच, गोल आणि जरा उजवीकडे कललेलं. तारीख खाली होती. तीन महिन्यांपूर्वीची.

बायको परत आली तेव्हा तो फुटपाथवर फळकुटाशेजारी उभा होता. निळी गाडी बघून तिची पावलं मंदावली.

"फोम," तो म्हणाला.

"अहो, आत चला."

"चार महिने मी रस्त्यावर बसून फोम कापतोय. बायकी छत्री घेऊन. गल्ली हसतेय मला. माझ्यामुळे खोकतोय म्हणून मी रोज त्याची माफी मागतोय, रोज सकाळी, गोळी देताना. आणि ती गोळी कशाची आहे?"

"हृदयाची," बायको म्हणाली. "सांध्यांची नाही."

"माझ्याच हाताने."

"तुमच्याच हातून घेतो ना तो. माझ्या हातून थुंकून टाकतो."

चावीवाला तेवढ्यात कानस घेऊन दारात आला. सोफेवाल्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं. चावीवाल्याने कानस पाठीमागे लपवली, लपवण्यासारखं त्यात काही नसताना.

"तुलाही माहीत होतं?"

"वहिनींनी शपथ घातली होती, उस्ताद."

"एरवी गल्लीतल्या कुणाच्या पोटात काय दुखतंय ते मला सांगतोस! एक गोष्ट आयुष्यात पोटात ठेवलीस, आणि ती नेमकी ही?"

चावीवाला आत गेला. त्याच्या गाळ्यातून त्या दिवशी पुन्हा आवाज आला नाही. लेकीला फोन लावला तर तीही आधी म्हणाली, "कसलं काय, बाबा?" आणि मग रडायलाच लागली. म्हणजे तीही त्यातली. आपल्या दुकानाची, आपल्या कुत्र्याची गोष्ट सगळ्या गावाला पाठ, आणि आपण तेवढे छत्री घेऊन उन्हात.

"का?" त्याने बायकोला विचारलं. "एवढंच सांग."

बायकोने पर्स फळकुटावर ठेवली. "सासूबाईंच्या वेळी काय केलं होतंत आठवतं का? डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. त्या दिवसापासून तुम्ही त्यांच्या खाटेपाशी असं तोंड करून बसलात, की दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, 'अगं, मी गेले का? हा मला भेटायला आल्यासारखा का बसतोय?' दोन महिने होत्या त्या नंतर. दोन्ही महिने तुम्ही त्यांना जगू दिलं नाहीत. जेवताना रडायचात, त्यांना हसू आलं तरी रडायचात. मालकाला नाही चालणार ते. त्याला तुमचा चेहरा वाचता येतो."

"मग विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर कळलं नसतं का तुम्हाला?"

हे खरं होतं, म्हणून सोफेवाल्याला जास्तच राग आला. "ते मला ठरवू द्यायचं होतं. माझं तोंड, माझा कुत्रा. चार महिने गेले माझे. मी त्याला दटावलंय या चार महिन्यांत. जिना चढताना मागे राहतो म्हणून आळशी म्हटलंय." तो थांबला. "आणि त्याच्या जागेवर आणलेलं माणूस त्याच्याच खुर्चीत झोपवलंस. तो असताना."

"माणूस नाही, कुत्री आहे," बायको म्हणाली, आणि म्हटल्या क्षणी तिला कळलं की हे आत्ता बोलायचं नव्हतं.

शेल्टरवाली बाई इतका वेळ दारात उभी होती, पाय कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी. ती म्हणाली, "मी अवघड जागी आलेय, मला माहीत आहे. पण दोघांची संमती नसेल, तर मला तिला आजच न्यावं लागेल. असं ठेवता येत नाही आम्हाला. तुम्ही विचार करून..."

"न्या," सोफेवाला म्हणाला.

तोंडात खिळे नसलेल्या नवऱ्याशी वाद घालायची बायकोला सवयच नव्हती.

बाईने पिशवीतून दोरी काढली आणि खुर्चीपाशी गेली. सोफेवाला तोंड फिरवून उभा होता, तरी खिडकीच्या काचेत त्याला सगळं दिसत होतं. त्याला वाटलं होतं पाहुणी मशीनखाली शिरेल, ओढावी लागेल, ओरडेल. तिने तसलं काही केलं नाही. दोरी बघितल्यावर ती खुर्चीतून उतरली. स्वतःहून मान पुढे केली. गाठ बसल्यावर बाईच्याही पुढे चालत निघाली, फुटपाथ ओलांडला, आणि निळ्या गाडीच्या मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. दार उघडायची वाट बघत.

"हिला ठाऊक आहे सगळं," शेल्टरवाली बाई म्हणाली. "दोनदा परत आलीय ती. दोन्ही घरांनी कायमची म्हणून नेली होती."

खुर्चीत मालक उठून बसला. दाराकडे बघून खोकला, त्याच कोरड्या आवाजात, दोनदा.

सोफेवाला गाडीपाशी गेला. पाहुणीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती दाराच्या कडीकडे बघत होती. ती कडी कुठल्या बाजूला उघडते, हेही तिला माहीत होतं. सोफेवाल्याने तिच्या तुटक्या कानाकडे बघितलं, मग बाईकडे.

"हिला कुणी काही सांगितलं होतं का," तो म्हणाला, "इथे कशासाठी आणताहेत ते?"

"कुत्र्याला काय सांगणार?" बाई म्हणाली.

"तेच तर. मलाही कुणी सांगितलं नाही." तो बाईच्या हातातली फाईल ओढून घेत म्हणाला, "पेन द्या."

त्याने गाडीच्या टपावर फाईल ठेवून सही केली. सही करायच्या आधी सहावा रकाना आडव्या रेघेने खोडला. बाई म्हणाली, असं खोडता येत नाही, कारण लिहावं लागतं. तेव्हा त्याने वर बारीक अक्षरात लिहिलं, "दोनदा परत गेली आहे." आणि दोरीची गाठ स्वतःच सोडली. पाहुणी लगेच हलली नाही. दार उघडत नाही हे कळायला तिला वेळ लागला. मग ती दुकानाच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथेच बसली, आत न जाता.

गाडी गेल्यावर बायको त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. "चहा करू?"

"सही केली ती तिच्यासाठी," सोफेवाला म्हणाला. "तुझ्यासाठी नाही. ते वेगळं आहे. ते अजून तसंच आहे."

"माहीत आहे मला."

"माहीत असून काय करणार आहेस?"

बायकोने फळकुटावरची छत्री मिटली. तीस वर्षं तिने याला काही विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं, आणि ते दोघांनाही चालून गेलं होतं. आज ते दोघांनाही दिसलं आणि कुणालाच त्यावर विनोद सुचला नाही.

तो पायरीवर बसला, पाहुणीपासून हातभर अंतर ठेवून. "डॉक्टर काय म्हणाल्या? शब्द न् शब्द सांग. काही गाळू नकोस. मी तोंड कसंही करेन, तू थांबायचं नाहीस."

बायको त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. रिक्षा गेल्या, शाळा सुटल्याचा गलका गेला. मग ती म्हणाली, "आधी त्यांनी छातीला यंत्र लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, बसा."

"बसलीस?"

"नाही बसले. उभीच होते."

"मग?" सोफेवाला म्हणाला.